गेटबाहेरचा रविवार कामगाराचाच असू द्या

प्रति,
चाकण, रांजणगाव, तळेगाव, वाळूज, सातपूर-अंबड आणि राज्यातल्या इतर औद्योगिक वसाहतींमधल्या उद्योजक संघटनांचे पदाधिकारी,
तसेच तिथल्या कंपन्यांचे एचआर प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

मी वकील आहे आणि तुमच्यासारख्यांच्या कारखान्यांत डोमेस्टिक इन्क्वायरीला, म्हणजे कामगारावरच्या आरोपांच्या कंपनीअंतर्गत चौकशीला, चौकशी अधिकारी म्हणून बसतो. माझी फी कंपनी देते, तेव्हा हे पत्र कुणा युनियनने लिहून घेतले असावे अशी शंका नको. नाइट शिफ्टला झोपलेला वॉचमन, खोटे मेडिकल सर्टिफिकेट, सुपरवायझरची कॉलर धरणारा ऑपरेटर, कँटीनमधली हाणामारी, हे आमचे नेहमीचे विषय. गेल्या काही वर्षांत त्यात एक नवा प्रकार येऊन बसला आहे. आरोपपत्रासोबत व्हॉट्सअॅप स्टेटसच्या रंगीत प्रिंटा येतात, फेसबुकवरचे फोटो येतात, मोर्च्याच्या व्हिडिओतून कापलेली एखादी चौकट येते आणि त्यात एका चेहऱ्याभोवती लाल पेनाने गोल काढलेला असतो.

त्या लाल गोलाबद्दल हे पत्र आहे. कामाच्या वेळेबाहेर, कंपनीच्या आवाराबाहेर आणि कायदा न मोडता माणूस कुठला झेंडा धरतो, कुणाच्या सभेला जातो, कुणाच्या विरोधात लिहितो, यावरून त्याची नोकरी काढू नये असे माझे मत आहे. कंत्राटदाराच्या हातून तर मुळीच काढू नये.

एक प्रकरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मशीन शॉपमधला पर्मनंट ऑपरेटर, सेवेची बरीच वर्षे झालेली, हजेरी चांगली. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसने चौकात उतरला. तिथे एका पक्षाची सभा चालू होती, म्हणून थांबला. कुणीतरी गळ्यात उपरणे घातले, कुणीतरी फोटो काढला आणि तो फोटो फिरत फिरत प्लँट हेडच्या मोबाइलवर आला. उपरण्याखाली कंपनीचा लोगो असलेला निळा शर्ट दिसत होता. आरोप लागला तो ‘कंपनीच्या प्रतिमेस हानी पोहोचवणे’ आणि ‘शिस्तीस बाधक वर्तन’.

कॉन्फरन्स रूममध्ये बैठक लागली. व्यवस्थापनाचे साक्षीदार म्हणून एचआरचे एक तरुण अधिकारी आले. फोटोला निशाणी पडली, म्हणजे तो पुरावा म्हणून नोंदला गेला. कामगाराच्या बचाव प्रतिनिधीने, म्हणजे त्याच शॉपमधल्या जुन्या फिटरने, उलटतपासणीत विचारले, “या फोटोमुळे कंपनीची कुठली ऑर्डर गेली?” उत्तर आले, “सांगता येणार नाही.” “एखाद्या गिऱ्हाइकाने पत्र, मेल, फोन केला?” “माझ्या माहितीत नाही.” “त्या दिवशीचं प्रॉडक्शन किती कमी आलं?” साक्षीदाराने व्यवस्थापन प्रतिनिधीकडे पाहिले आणि म्हणाले, “कमी आलं नाही.” मग फिटरने शेवटचा प्रश्न टाकला, “पलीकडच्या पक्षाचं उपरणं असतं तर चार्जशीट दिली असती का साहेब?” तो प्रश्न मी नोंदवून घेतला नाही, कारण तो तर्कावर आधारलेला होता. पण खोलीतल्या प्रत्येकाला त्याचे उत्तर ठाऊक होते. आरोप सिद्ध होत नाहीत, असा अहवाल मी दिला.

आता तुम्ही म्हणाल, एक माणूस वाचला ना, मग तक्रार कसली? वाचला, कारण तो पर्मनंट होता आणि त्याच्या कारखान्याला स्थायी आदेश लागू होते. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याने मालकाला एक साधी गोष्ट करायला लावली. कोणत्या वागणुकीला गैरवर्तन म्हणणार, ते आधी लिहून ठेवायचे आणि त्यावर शिक्षा करायची तर आधी नोटीस, मग चौकशी. आपल्याकडच्या १९५९ च्या आदर्श स्थायी आदेशांत शिस्तीला बाधक कृत्याचा जो मुद्दा आहे तो ‘आस्थापनेच्या आवारात’ घडलेल्या कृत्याचा आहे. ग्लॅक्सो लॅबोरेटरीज आणि मेरठचे कामगार न्यायालय यांच्यातल्या खटल्यात न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी हाच मुद्दा धरला. तिथे तर राजकारणही नव्हते, संपाच्या काळात कारखान्याबाहेर कामगारांवरच झालेल्या हल्ल्याचे आरोप होते. तरीही आवार आणि त्याचा लगतचा परिसर सोडून कामगार बाहेर काय करतो यावर पहारा ठेवण्याचा परवाना स्थायी आदेश मालकाला देत नाहीत, असा त्या निकालाचा आशय आहे. बाहेर गुन्हा झाला तर पोलीस आहेत. बाहेरचे कृत्य गैरवर्तन म्हणून आत आणायचे असेल, तर त्याचा कामाशी असलेला धागा दाखवावा लागतो. ‘साहेबांना आवडले नाही’ हा धागा होत नाही.

महाराष्ट्रात तर अनुचित कामगार प्रथांचा १९७१ चा वेगळा कायदा आहे. सूड म्हणून काढणे, अधिकाराचा नुसता देखावा करून काढणे, उघड उघड खोटे कारण देऊन काढणे, हे सगळे त्याच्या चौथ्या अनुसूचीत पहिल्याच मुद्द्यात आहे. तुमच्या सल्लागारांना ते पाठ असते. म्हणूनच आता चार्जशीटवर ‘राजकारण’ हा शब्द कधी सापडत नाही. ‘प्रतिमा’, ‘मूल्ये’, ‘आचारसंहिता’, ‘विश्वास गमावणे’ असे शब्द सापडतात.

पण ही झाली कागदावरची मंडळी. खरी गोम आहे ती ज्यांच्या नावाचा कागदच निघत नाही त्यांच्यात. माझ्यासमोर येणाऱ्या एका प्रकरणामागे न येणारी किती असतील याचा अंदाज शिफ्ट सुटताना गेटवर उभे राहिले तरी येतो. कंत्राटी, ट्रेनी, अप्रेंटिस, फिक्स्ड टर्म: एकाच लाइनवर एकाच स्पॅनरने काम करणारी, पण वेगवेगळ्या रंगाच्या कार्डांची माणसे. यांतल्या कंत्राटी कामगाराला काढायचे तर चौकशी नको, नोटीस नको. रात्री कंत्राटदाराच्या सुपरवायझरचा फोन जातो, “उद्यापासून येऊ नको, वरून आलंय.” कुणी तरीही सकाळी येतोच. कार्ड पंच करतो, लाल दिवा लागतो, मागची रांग ओरडते, सिक्युरिटीवाला बाजूला घेतो. कंपनी म्हणते, तो आमचा माणूसच नव्हता. कंत्राटदार म्हणतो, मला कंपनीने सांगितले. आणि ‘वरून’ म्हणजे नक्की कुठून, हे कुठल्याही रजिस्टरात लिहिलेले नसते.

२०१८ च्या पावसाळ्यानंतर हे विशेष वाढले, असे मला दिसले. त्या वर्षी ३० जुलैला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला जाळपोळ झाली, ९ ऑगस्टच्या बंदमध्ये वाळूजच्या कंपन्यांत तोडफोड झाली. तुमचा तेव्हाचा संताप रास्त होता, हे मी चारचौघांत बोललो आहे आणि इथेही लिहितो. कुणाच्या आरक्षणाशी देणेघेणे नसलेल्या कंपनीची काच, सर्व्हर रूम, उभ्या गाड्या फोडणे याला आंदोलन म्हणत नाहीत. ज्यांनी फोडले त्यांच्यावर गुन्हे चालावेत, त्यांत तुमचा कामगार असेल तर त्याला चौकशी करून काढावे. अहवाल मीच लिहीन. पण त्यानंतर जी भाषा सुरू झाली ती वेगळी होती. ‘आसपासच्या गावांतली पोरं नकोत.’ ‘मोर्च्यातली पोरं नकोत.’ दगड मारणारा आणि मागे शांतपणे चाललेला यांच्यात फरक करायची तसदी कुणी घेतली नाही, कारण फरक करायला पुरावा लागतो आणि कंत्राटदाराला फोन करायला काहीच लागत नाही. गंमत अशी की राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय शासन अधूनमधून काढत असते. म्हणजे ज्याच्यावर गुन्हा होता त्याला सरकार मोकळे करते, आणि ज्याच्यावर गुन्हाच नव्हता त्याचे नाव कंत्राटदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वर्षानुवर्षे राहते.

हे पत्र आताच लिहिण्याचे कारणही सांगतो. जुन्या केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी आणलेल्या चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. नव्या औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना आहे. महाराष्ट्राने जुन्या कायद्यात ही मर्यादा ५० वर आणून ठेवली होती. चाकण-वाळूजच्या व्हेंडर, म्हणजे मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या, कारखान्यांत पटावर ३०० माणसे किती ठिकाणी असतात, हे मी तुम्हाला काय सांगावे? लिखित नियमांचे बंधन जिथे सैल होईल तिथे मालकाची मर्जी नियमाच्या जागी बसेल. अनुचित प्रथांची यादी नव्या संहितेच्या परिशिष्टातही आहे, सूडबुद्धीने काढणे तिथेही मना आहे. पण यादी वापरायला कामगाराला वकील लागतो आणि वर्षे लागतात. म्हणून कायद्याने भाग पाडण्याआधी तुम्ही काही करावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

तुमच्या काही एचआर मंडळींचा आवडता युक्तिवाद असतो, ‘सरकारी नोकरांनाही राजकारणाला बंदी आहे, मग आम्ही का नाही?’ आहे, १९७९ च्या वर्तणूक नियमांत आहे. जुलै २०२५ मध्ये सामान्य प्रशासन विभागाने समाजमाध्यमांसाठी आणखी परिपत्रक काढले. ते जरा अतिच झाले असे माझे मत आहे, पण तो वेगळा विषय. तलाठ्याने, फौजदाराने, निवडणुकीच्या कामावरच्या शिक्षकाने पक्षाचे काम करू नये याला कारण आहे. दाखला मागायला येणाऱ्याला हा कुठल्या पक्षाचा, अशी धास्ती वाटू नये. आणि त्या बंधनाच्या बदल्यात घटनेचे ३११ वे कलम त्याला संरक्षण देते. आरोप सांगितल्याशिवाय, म्हणणे ऐकल्याशिवाय बडतर्फी नाही. बेअरिंग बनवणारा ऑपरेटर कुणाला दाखला देतो? आणि त्याला ३११ कुठे आहे? सरकारी नोकराचे बंधन उचलायचे आणि त्याचे संरक्षण तेवढे सोडून द्यायचे, हा सौदा भलताच स्वस्त आहे.

दुसरा युक्तिवाद परदेशी पालक कंपनीचा. ‘आमचे ग्लोबल हँडबुक तसे सांगते.’ अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मालक कारण न देताही काढू शकतो, हे खरे. सप्टेंबर २०२५ मध्ये उजव्या विचारांचे राजकीय कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर तिथे पोस्टींवरून कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, आपल्या लोकांनीही तेव्हा आपापली खाती निरखून पाहिली असतील. पण त्याच अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेत १९३७ पासून तरतूद आहे की कामगाराच्या राजकीय हालचालींवर मालकाने नियंत्रण ठेवायचे नाही आणि नोकरी घालवण्याची धमकी देऊन त्याला एखाद्या बाजूला वळवायचे नाही. ज्या कंपनीचे मुख्यालय सिलिकॉन व्हॅलीत आहे तिने तिथे जे करायची सोय नाही ते हिंजवडीत का करावे?

आणि ‘आमच्याकडे राजकारण चालत नाही’ हे वाक्य तर कृपा करून माझ्यासमोर बोलू नका. कंपनीच्या गणपतीच्या आरतीला कुठल्या आमदारांना बोलवायचे, यावर झालेल्या बैठका मी पाहिल्या आहेत. अमुक पक्षाची कामगार सेना नको म्हणून तमुक पक्षाची युनियन रातोरात मान्य झालेली पाहिली आहे. कंपनी कायद्याचे कलम १८२ कंपन्यांना राजकीय पक्षांना देणगी द्यायला परवानगी देते. निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले तेव्हा कुणी कुणाला किती दिले याच्या याद्या देशाने वाचल्या. कंपनीला राजकीय मत असू शकते, त्यासाठी ती नफ्यातून पैसे मोजू शकते. मग तिच्या कामगाराने सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या खिशातले वीस रुपये मोजून मोर्च्याला जायची वडाप धरली तर आभाळ कुठे कोसळते? मतदानाच्या दिवशी त्याला भरपगारी सुट्टी द्यायला कायदाच सांगतो. मत द्यायला मोकळा, पण मत मागायला बंदी, याला काही अर्थ नाही.

तुमच्या अडचणी मात्र मला ठाऊक आहेत. जानेवारी २०१८ मध्ये भीमा कोरेगावनंतर एकाच लाइनवरची माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. असे दिवस शॉप फ्लोअरवर सांभाळणे सोपे नसते. म्हणून गेटच्या आत पक्षाचे बिल्ले नकोत, कामाच्या ग्रुपवर राजकीय फॉरवर्ड नकोत, हे नियम जरूर करा, फक्त ते सगळ्यांना सारखे लावा, मॅनेजरलाही. सभेला जायला खाडा केला तर तो खाडाच. शिक्षा खाड्याची करा, सभेची नको. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली म्हणून मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या. त्या संपाचे मोल आपण सगळेच मानतो, पण गिरणी बंद पडली हा मालकाचा प्रश्न होता, हे तेव्हाही खरे होते. इथे मी बोलतोय ते त्याविषयी नाही. मशीन चालू आहे, माल वेळेवर जातो आहे, आणि तरीही माणूस नको आहे, त्याविषयी बोलतोय.

एक प्रकरण मात्र मलाही अवघड जाते. समजा एखादा लाइन मॅनेजर स्वतःच्या खात्यावर उघड लिहितो की अमुक समाजाच्या लोकांना कामच देऊ नका, आणि त्याच समाजाची चार मुले त्याच्या हाताखाली आहेत, त्यांचे अप्रेझल तो करतो. हे गेटबाहेरचे मत म्हणून सोडून देता येत नाही, कारण ते उद्या त्या मुलांच्या इन्क्रिमेंटमध्ये उतरणार आहे. इथे धागा कामाशी आहे. पण इथेही पहिला उपाय नोकरी काढणे नाही. अप्रेझल त्याच्या हातून काढून घ्या, त्याने आधी केलेली अप्रेझल तपासा, त्याला विचारा, आणि पक्षपात सापडला तर मग खुशाल आरोपपत्र द्या. तेव्हा तुमच्याकडे पोस्टची प्रिंट नसेल, कामातला पुरावा असेल.

आणि ती टॅग करणारी टोळी. कुणाची तरी पोस्ट सापडते, कंपनीचे नाव शोधले जाते आणि दोन तासांत पाचशे लोक कंपनीला विचारतात, ‘असली माणसे तुम्ही ठेवता?’ त्या पाचशेत तुमचे गिऱ्हाईक बहुधा एकही नसते. तुमचा माल टियर वन व्हेंडरला, म्हणजे मोठ्या कंपनीच्या थेट पुरवठादाराला जातो, त्या टोळीतल्या कुणाच्या घरी नाही. तरी संध्याकाळपर्यंत राजीनामा लिहून घेतला जातो. मे २०२४ मध्ये मुंबईतल्या एका नावाजलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेची नोकरी पॅलेस्टाइनबाबतच्या पोस्टींना दिलेल्या लाइकवरून गेली. मे २०२५ मध्ये पुण्याच्या एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थिनीला पोस्टवरून अटक झाली, कॉलेजने तिला काढून टाकले आणि मुंबई उच्च न्यायालयाने जामीन देताना सरकार आणि कॉलेज दोघांनाही खडे बोल सुनावले. त्या पोस्टी मला पटतात की नाही हा प्रश्नच नाही. गर्दी मागते म्हणून संस्था माणूस काढून देते, हे मला पटत नाही. एकदा दिला की पुढच्या वेळी गर्दी लवकर येते.

‘आमच्याकडे काढतात ते तसल्याच विचारांचे,’ असे एका व्यवस्थापकाने मला चहा पिताना सांगितले होते. ‘तसले’ कोण, हे सरकारागणिक बदलते. पन्नासच्या दशकात रेल्वेतले कम्युनिस्ट कामगार ‘तसले’ होते. त्यांना काढणे १९५८ साली सर्वोच्च न्यायालयानेही उचलून धरले. पुढे मध्य प्रदेशात एका शाळामास्तरला काढले, कारण पोलिसांचा अहवाल होता की तो पूर्वी संघाच्या आणि जनसंघाच्या कामात होता. १९८३ मध्ये न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी ती बडतर्फी टिकू दिली नाही. सरकारी नोकरी म्हणजे फक्त देवदूतांनी शिरावे असा स्वर्ग आहे काय, अशा अर्थाचा सवाल त्या निकालात आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांना संघाच्या कार्यक्रमांत भाग घ्यायची १९६६ ची बंदी जुलै २०२४ मध्ये उठली. तेव्हा आज ज्याच्या स्टेटसची प्रिंट काढताय तो उद्या पालकमंत्र्यांच्या गाडीत दिसला तर काय कराल, याचाही थोडा विचार असू द्या. हे तत्त्व म्हणून नाही, व्यवहार म्हणून सांगतोय.

माझी विनंती फार मोठी नाही. तुमच्या संघटनेने सभासद कंपन्यांसाठी एक पानाचे धोरण मंजूर करावे. कंपनीच्या नावाने बोलणे, हिंसा, गुपिते फोडणे, सहकाऱ्याला धमकावणे आणि कामात पक्षपात करणे, एवढ्या गोष्टी सोडून आवाराबाहेरचे कायदेशीर राजकारण हे गैरवर्तन नाही, असे त्यात साध्या मराठीत असावे. टॅगवाल्यांना काय उत्तर द्यायचे तेही आधीच लिहून ठेवावे, म्हणजे त्या संध्याकाळी घाबरून काही करावे लागणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, कंत्राटदाराने कुणाचे कार्ड बंद केले की कारण लेखी द्यायचे आणि खाली मुख्य कंपनीच्या अधिकाऱ्याची सही घ्यायची. हे शेवटचे कलम तुम्हाला सर्वांत जास्त टोचेल, कारण ‘वरून आलंय’ला मग एक नाव लागेल.

यंदाच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. मसुदा मी लिहून देतो, त्याची फी घेणार नाही.

कळावे,
आपला,
एक चौकशी अधिकारी
पिंपरी-चिंचवड